पोट बिघडलंय, पण कधीपासून?

पितृपक्षातली सोमवारची ओपीडी. साठी ओलांडलेले एक काका समोर बसले आणि त्यांनी टेबलावर प्लास्टिकची पिशवी पालथी केली. त्यात गोळ्यांची सात पाकिटं होती. काही संपलेली, काही अर्धवट. जंतू मारायच्या, मुरडा थांबवायच्या, जुलाब बांधायच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्या. एका पाकिटावरचं नाव पुसलं गेलं होतं. ते दाखवत काका म्हणाले, “हिच्याने दोन दिवस बरं वाटलं होतं, मॅडम.”

काका वटारचे. त्यांची स्वतःची वाडी आहे. वाडीत केळी, पानवेल, थोडी फुलं आणि भाजी. “किती दिवस झाले?” असं विचारल्यावर त्यांनी “पाऊस जोरात होता तेव्हापासून” असं उत्तर दिलं. हे उत्तर मी रोज ऐकते आणि त्याचा मला काडीचा उपयोग होत नाही. पण सोबत काकू होत्या. त्यांनी बोटं मोजली. काका एक दिवसाआड पहाटेच्या गाडीने फुलं घेऊन दादरला जातात. चुकलेल्या फेऱ्या त्यांच्या पक्क्या लक्षात होत्या. “अठरा फेऱ्या चुकल्या. म्हणजे छत्तीस-सदतीस दिवस झाले,” त्या म्हणाल्या. त्या दिवशीच्या तपासणीतली सगळ्यात मोलाची माहिती हीच होती. वजन केलं तर एक्कावन्न किलो भरलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला ते अठ्ठावन्न होतं.

पोटाच्या संसर्गात लोकांना जंतूचं नाव हवं असतं आणि त्यावरची गोळी हवी असते. डॉक्टरला आधी वेळ कळायला हवी. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत घड्याळ बघायचं, कारण तेव्हा धोका शरीरातलं पाणी जाण्याचा असतो. नंतर कॅलेंडर बघायचं, कारण तेव्हा प्रश्नच बदललेला असतो. काकांचं घड्याळ सांभाळलं गेलं होतं, कारण काकू त्यांना सतत भाताची पेज पाजत होत्या. कॅलेंडरकडे मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं.

आधी घड्याळाबद्दल बोलू, कारण जीव जातो तो इथे. बहुतेक जुलाब विषाणूंमुळे किंवा साध्या जिवाणूंमुळे होतात आणि तीन ते सात दिवसांत आपोआप थांबतात. त्यांना प्रतिजैविक लागत नाही. लागतं ते पाणी, मीठ आणि साखर. हे मिश्रण काम करतं त्याला कारण आहे. जुलाबात आतडं नुसतं पाणी शोषू शकत नाही, तरी मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत घेण्याची त्याची वाट बहुधा शाबूत राहते, आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणीही आत जातं. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं. ते चार टक्क्यांच्याही खाली आलं. आपल्याकडे मात्र अजूनही सलाईन लावलं म्हणजेच उपचार झाले असं मानतात. ज्याला तोंडाने पिता येतं, ओकून पडत नाही, त्याला बहुतेक वेळा बाटली टांगण्याची गरज नसते. हे सांगितलं की नातेवाईक नाराज होतात. मला त्याची सवय झाली आहे.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण ओतायचं. अर्धं आज, अर्धं उद्या असं करायचं नाही आणि पाकीट पेलाभर पाण्यात कालवायचं नाही. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते घातक ठरतं. कालवलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं. पाकीट मिळालं नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचे शीग लावून भरू नका. दुकानात फळांच्या चवीची खोकी मिळतात, त्यांच्यात साखर फार आणि क्षार कमी असतात. ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही घेताना पाकिटावरची अक्षरं वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेलं असेल तरच ते ओआरएस.

लहान मूल असेल तर अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण थांबवू नका. डॉक्टरच्या सल्ल्याने झिंक चौदा दिवस द्या. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी झिंकचे चौदा दिवस पुरे करायचे असतात. आया इथे हमखास चुकतात.

आता रुग्णालयात केव्हा धावायचं? सहा-आठ तास लघवी झाली नाही, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, ओकाऱ्यांमुळे घोटभर पाणीही टिकत नाही, शौचात रक्त दिसतं, ताप १०२च्या पुढे जातो, पोट सतत दुखतं आणि दाबू देत नाही, माणूस असंबद्ध बोलतो किंवा मूल मलूल पडतं, तांदळाच्या धुवणासारखे पाणीच पाणी जुलाब होतात. यांपैकी एक गोष्ट पुरे. दुसरीची वाट बघू नये. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, गरोदर बाई, पासष्टीच्या पुढची माणसं, मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी तर ही लक्षणं दिसण्याआधीच यावं. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडाला त्रास देतात. त्या चालू ठेवायच्या की दोन दिवस थांबवायच्या हे डॉक्टरला फोन करून विचारा. स्वतःहून ठरवू नका.

रक्त आणि ताप असताना जुलाब बांधायची गोळी घेऊ नये. लहान मुलांना ती देऊच नये. आतडं जे बाहेर टाकू बघतं ते अडवून ठेवणं कधी कधी महागात पडतं.

आता कॅलेंडर. चौदा दिवसांच्या आत थांबतो तो तीव्र अतिसार. चौदा दिवसांच्या पुढे गेला की तो रेंगाळलेला, आणि चार आठवड्यांच्या पुढे जुनाट. या रेषा उगाच आखलेल्या नाहीत. पहिल्या आठवड्यात ज्या जंतूंचा संशय घ्यायचा त्यांतले बरेचसे चौदा दिवस टिकतच नाहीत. म्हणून पंधराव्या दिवशी तीच जंतू मारायची गोळी पुन्हा घेण्यात अर्थ नसतो. तेव्हा गोळी बदलायची नाही, शौच तपासायचं.

काकांनी पाच आठवड्यांत जंतू मारायच्या गोळ्यांचे चार डोस घेतले होते आणि त्यांतला एकही पूर्ण केला नव्हता. औषधाच्या दुकानात पोट बिघडल्यावर दोन-दोन प्रतिजैविकं एकत्र असलेली गोळी सहज हातात पडते. दोन दिवस बरं वाटतं, माणूस गोळी सोडतो. जंतूंपैकी जे चिवट ते उरतात आणि आतड्यातले चांगले जंतू मात्र झोडपले जातात. प्रतिजैविकांमुळेच सुरू होणारे जुलाब ही आज रोज दिसणारी गोष्ट आहे. शिवाय ऐन तपासणीच्या वेळी अर्धवट गोळ्या पोटात असल्या की नमुन्यात जंतू दिसत नाहीत.

काकांच्या बाबतीत तसंच झालं, आणि इथे माझीही चूक आहे. मी शौचाचा एकच नमुना पाठवला. तो स्वच्छ आला. ओपीडीच्या गर्दीत मी जवळजवळ ‘काळजी करू नका, गॅस आहे’ असं म्हणणारच होते. काकू म्हणाल्या, “ढेकर येतो तेव्हा सडक्या अंड्याचा वास येतो, आणि शौच पाण्यावर तरंगतं.” ते ऐकून माझा हात थांबला. आठवडाभर सगळ्या गोळ्या बंद करून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने घ्यायला सांगितले. तिसऱ्या नमुन्यात जिआर्डिया सापडला.

जिआर्डिया हा एकपेशीय परजीवी. सूक्ष्मदर्शकाखाली तो दोन डोळे असलेल्या पेअर फळासारखा दिसतो. १६८१ साली हॉलंडमध्ये ल्यूवेनहूकने स्वतःच्याच पातळ शौचात तो पाहिला होता, तेही घरी बनवलेल्या भिंगातून. तो लहान आतड्याला आतून चिकटतो. रक्त येत नाही, ताप बहुधा नसतो. अन्नातली चरबी पचत नाही, पोट फुगतं, शौच चिकट आणि घाण वासाचं होतं, वजन उतरत जातं. तो शौचातून रोज बाहेर पडत नाही, म्हणून तीन नमुने. त्यावर योग्य औषध आहे आणि ते पूर्ण घेतलं तर काम करतं. काकांनी घेतलेल्या गोळ्यांत त्या जातीचं औषध होतंच, पण एकदाही पुरेसे दिवस पोटात गेलं नव्हतं.

प्रत्येक रेंगाळलेला जुलाब जिआर्डियाचा नसतो हे लगेच सांगायला हवं. आमांश करणारा अमिबा शौचात आव आणि रक्त आणतो. कधी तो आतड्यातून यकृतात जाऊन गळू करतो. तेव्हा जुलाब नसतातही. उजव्या बरगडीखाली दुखतं, थंडी वाजून ताप येतो. पालघर जिल्ह्यात काम करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, यकृताच्या गळूचा रुग्ण दिसला की तो पहिला प्रश्न ताडी-माडीचा विचारतो. आतड्याचा क्षयही आपल्याकडे आहे. त्यात संध्याकाळचा बारीक ताप, उजव्या बाजूला खाली दुखणं आणि वजन घटणं असतं, खोकला असेलच असं नाही. थायरॉइड वाढलेलं असतं, गव्हातलं ग्लुटेन सोसत नसतं, मधुमेहाची नवी गोळी सुरू झालेली असते. आणि पन्नाशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलली, रक्त कमी झालं, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा विचार करून दुर्बिणीने तपासणी करावीच लागते. रात्री झोपेतून उठून शौचाला पळावं लागतं का, हा मी नेहमी विचारते तो प्रश्न. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला नुसता गॅस म्हणता येत नाही.

काकांची गोष्ट इथे संपायला हवी होती. औषध घेतल्यावर आठ दिवसांत शौच बांधून आलं, भूक लागली. आणि तीन आठवड्यांनी पुन्हा जुलाब. यावेळी पिशवीत फक्त केसपेपर होता. काका मेडिकलच्या दुकानापर्यंत जाऊन आले होते. काकूंनी त्यांना तिथून परत आणलं होतं.

तपासणीत जंतू नव्हता. मग कशाने? विचारता विचारता कळलं की अशक्तपणा भरून काढायला शेजारच्यांच्या सल्ल्याने काका रोज अर्धा लिटर दूध पीत होते. संसर्गाने आतड्याचं आतलं अस्तर झिजतं आणि दुधातली साखर पचवणारं द्रव्य त्या अस्तरातच तयार होतं. अस्तर भरून यायला काही आठवडे लागतात. तोवर दूध म्हणजे जुलाबाला आमंत्रण. दह्या-ताकाचा त्रास बहुधा कमी होतो. दूध बंद केलं, पेज, मुगाची खिचडी, केळं, अंडं, उकडलेला मासा चालू ठेवला आणि आठवडाभरात पोट शांत झालं.

संसर्ग गेल्यावरही त्रास का उरतो, याचं एक मोठं उदाहरण वटारच्या वाडीत बसून वाचण्यासारखं आहे. मे २०००. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात वॉकरटन नावाचं छोटं शेतीप्रधान गाव. मुसळधार पाऊस झाला आणि शेतावर टाकलेलं गुरांचं शेण एका उथळ विहिरीत झिरपलं. तीच विहीर गावाला पाणी पुरवत होती, आणि क्लोरिन नीट घातलं जात नव्हतं. तेवीसशेच्या आसपास लोक आजारी पडले, सात जण गेले. तिथल्या डॉक्टरांनी नंतर गावकऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्यांना त्या वेळी जुलाब झाले होते, त्यांच्यातल्या कित्येकांचं पोट दोन-तीन वर्षांनीही ताळ्यावर नव्हतं. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, कधी मुरडा. आठ वर्षांनी तपासलं तेव्हाही अशांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. जंतू केव्हाच गेला होता, पण आतड्याच्या नसा चाळवलेल्या राहिल्या होत्या. याला संसर्गोत्तर आतड्याचा क्षोभ म्हणतात. ज्यांना जिवाणूंमुळे जोराचे जुलाब होतात, त्यांच्यापैकी साधारण दहातल्या एकाला हा त्रास उरतो. तो खरा असतो, मनाचा खेळ नसतो. पण त्यावर जंतू मारायच्या गोळ्यांचा पाचवा डोस हे उत्तर नव्हे. खाणं, झोप, आतडं शांत करणारी औषधं आणि वेळ यांनीच तो उतरतो. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगून अशा माणसाला परत पाठवणं ही मात्र आम्हा डॉक्टरांची चूक.

जुलाब थांबल्यानंतरची आणखी एक खूण लक्षात ठेवायची. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत गिलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. त्यांतल्या अनेकांना आधी जुलाब-उलट्या झाल्या होत्या. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. या जिवाणूशी लढायला शरीर जी अस्त्रं तयार करतं, ती क्वचित स्वतःच्याच नसांवर उलटतात. हे हजारात एखाद्याला होतं, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या येऊन ते लुळे पडू लागले, जिना चढवेना, गिळताना किंवा श्वास घेताना जड वाटू लागलं, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. ‘अशक्तपणा आहे, टॉनिक घेऊ’ असं म्हणत बसायचं नाही.

राहता राहिली विहीर. वसई-विरारला सूर्या, उसगाव, पेल्हारचं पाणी येतं, पण वटारच्या वाड्यांमधल्या विहिरी अजून चालू आहेत आणि अनेक घरांत पिण्याला त्यांचंच पाणी गोड लागतं. समुद्राजवळची रेताड जमीन, पावसाळ्यात हात घालून पाणी काढता येईल इतकी वर आलेली पातळी, कुंपणाला लागून गोठा. पूर्वीच्या एका घराच्या जागी आता तीन बंगले झाले आणि प्रत्येकाची शौचाची टाकी वेगळी. पावसाचं पाणी जिरवणारी बावखलं कितीतरी ठिकाणी बुजली. विहीर आणि शौचाची टाकी यांत निदान पन्नास फूट अंतर हवं. काकांच्या वाडीत शेजाऱ्याची नवी टाकी विहिरीपासून अठरा पावलांवर आहे. त्यावरून भांडण झालं होतं म्हणे, आजारपणाच्या आधीच.

जुलै २०२२मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत नळ बंद पडले म्हणून लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले, पटकी पसरली आणि माणसं दगावली. टीसीएल पावडर नीट टाकलेली असती तर पटकीचा जंतू मेला असता. जिआर्डियाची कवचं मात्र नेहमीच्या क्लोरिनला दाद देत नाहीत. त्यामुळे टीसीएल टाकाच, पण पावसाळ्यात आणि नंतरचे दोन महिने प्यायचं पाणी खळखळून उकळा, गार करा, झाकून ठेवा आणि ओगराळ्याने घ्या. घरात एकाला जिआर्डिया सापडला तर बाकीच्यांची, विशेषतः मुलांची, चौकशी करा. काकांच्या नातीचं पोट महिनाभर फुगत होतं आणि ती जेवत नव्हती. ते कुणी सांगितलंच नव्हतं, मी विचारल्यावर निघालं. तिलाही तेच होतं.

डॉक्टरकडे येताना चार गोष्टी कागदावर लिहून आणा. कोणत्या तारखेला सुरू झालं, दिवसातून किती वेळा आणि रात्री किती वेळा, वजन किती उतरलं, कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या. गोळ्यांची पिशवी आणलीत तरी चालेल. काकांची पिशवी नसती तर मला चार अर्धवट डोसांचा पत्ताच लागला नसता.

डिसेंबरात काका आले ते तब्येत दाखवायला. वजन छप्पन्न. विहिरीच्या पाण्याचा नमुना त्यांनी तपासायला दिला होता. बाटलीतलं पाणी काळं पडलं, म्हणजे दूषित निघालं. तो अहवाल घेऊन ते शेजाऱ्याकडे गेले. आता दोघं मिळून टाकी हलवायचा खर्च काढताहेत, पण पैशांचं अजून जमलेलं नाही. तोवर घरात पातेलंभर पाणी रोज उकळतं, आणि त्याला लागणाऱ्या गॅसवरून काकूंची कुरकुर चालू आहे. सरकारी नोकरीत भेट घ्यायची नसते हे मला माहीत आहे, पण सुकलेल्या पानात बांधलेल्या आगाशीच्या सुकेळ्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही. निघताना काकांनी दारातून वळून विचारलं, “मॅडम, आता दुधाचा चहा चालेल ना?”

मी म्हटलं, “अर्धा कप. आणि तारीख लिहून ठेवा.”